गुलमर्गला बर्फ बघायला जाताय? आधी थर्मामीटर घ्या

नोव्हेंबर संपत आला की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. “बाई, गुलमर्गचं बुकिंग झालंय. स्वेटर किती घेऊ?” मी वाईत शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर हिवाळा आला की आमच्या ह्यांना घेऊन काश्मीर गाठते, हे आता गावभर झालंय. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

स्वेटरचं मागून बघू. आधी थर्मामीटर घ्या. तापाचा चालणार नाही, तो पस्तीसच्या खाली उतरतच नाही. स्वयंपाकघरात पाक आणि तेल मोजायला काडीचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. शून्याखाली किती दाखवतो ते खोक्यावर वाचा. उणे २० पर्यंत दाखवणारा पुरे. गुलमर्गला पोचलात की तो सावलीत, भिंतीपासून हातभर लांब, बाल्कनीच्या कठड्याला बांधा. सकाळी चहाच्या आधी बघायचा आणि दुपारी जेवण झाल्यावर. उणे १ ला पडलेला बर्फ आणि उणे १२ ला पडलेला बर्फ हे दोन वेगळे पदार्थच समजा. कपडे कोणते, खेळ कोणता, बाहेर कधी पडायचं आणि कधी गपचूप बुखारीजवळ (खोली तापवायच्या शेगडीजवळ) बसायचं, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

महाबळेश्वरचे हिमकण आणि मराठवाड्याच्या गारा

आमच्या वरच्या अंगाला महाबळेश्वर, त्यामुळे “आपल्याकडे पण पडतो की बर्फ” हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. थंडीच्या कडाक्यात वेण्णा लेकच्या काठी स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हिमकणांची बातमी येते. तो थर वरून पडलेला नसतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते, पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, शून्याखाली जातं, आणि पानावरचं दव किंवा हवेतली वाफ जागच्या जागी गोठते. म्हणून तर हवेचं तापमान दोन-तीन अंश असतानाही तो दिसतो.

गारांचा जन्म उन्हाळी वादळी ढगात होतो. पाण्याचे थेंब जोरात वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर उंच जातात, गोठतात, आणि त्यांच्यावर आणखी पाणी गोठत जातं. गार म्हणजे गोठलेलं पाणी. हिमवर्षावातला बर्फ मात्र बहुतांशी वाफेचाच होतो, मधली पाण्याची पायरी गाळून. त्याला नक्षी असते ती त्यामुळे.

ढगातले बारीक थेंब शून्याला गोठतात असं आपण पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात अगदी शुद्ध सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. गोठायला त्याला टेकू लागतो, म्हणजे धुळीचा वगैरे एखादा कण. असा एक थेंब गोठला की भोवतालची वाफ त्याच्यावर जमायला लागते, शेजारचे थेंब आटत जातात आणि हा एकटा मोठा होतो. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळी करतात, म्हणून बर्फाच्या चांदणीला, म्हणजे हिमस्फटिकाला, सहा हात. सहाच का, हा प्रश्न केप्लरनं १६११ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. रेणूंची मांडणी ठाऊक नसतानाही कण एकमेकांना चिकटून कसे बसतात यातच उत्तर असावं, इतपत तो पोचला होता. ग्रह मोजणारा माणूस बाहीवर पडलेला बर्फ बघत बसतो, हे मी मुलांना फार चवीनं सांगायचे.

काळं कापड आणि भिंग

गुलमर्गला जाऊन घोडा, स्लेज (बर्फावरची घसरगाडी), गोंडोला (तारेवरचा पाळणा) आणि फोटो एवढंच करून येणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. सगळ्यात भारी गोष्ट फुकट आहे. काळ्या मखमलीचा किंवा काळ्या लोकरी कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा आणि जवाहिरे वापरतात तसलं दहापट दाखवणारं भिंग, एवढंच लागतं.

कापड पुठ्ठ्यावर ताणून पिनांनी लावा आणि अर्धा तास आधी बाहेर ठेवा. खोलीतून नेलेल्या उबदार कापडावर चांदणी टेकते न टेकते तोच तिचं पाणी होतं. भिंगही बाहेरच्या खिशात ठेवून गार होऊ द्या. मग पुठ्ठा आडवा करून पाचेक सेकंद पडत्या बर्फात धरायचा आणि लगेच छपराखाली यायचं. बघताना श्वास बाजूला सोडायचा किंवा तोंडावर मफलर घ्यायचा. अंगठा कापडाच्या कडेलाच ठेवा, त्याची ऊब पोचते.

गेल्या खेपेला उणे १३ असताना कापडावर एक चांदणी मिळाली, साबुदाण्याच्या दाण्याएवढी. मधे टाचणीच्या टोकाएवढी षटकोनी चकती, तिच्या सहा कोपऱ्यांतून सहा हात, आणि प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी साठ अंशांत फुटलेले फाटे. पाच हात स्वच्छ काचेचे. सहाव्याच्या टोकाला बारीक पांढरे दाणे चिकटलेले होते, म्हणजे खाली येताना ती अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या, थेंबांच्या ढगातून गेली होती आणि ते थेंब आदळून जागेवर गोठले होते. मी बघत असतानाच फाट्यांची टोकं आधी गोल झाली, मग फाटे आखूड झाले. टोकदार भाग आधी झिजतात, वितळायच्याही आधी. आमचे हे भिंग मागत होते, त्यांना चकतीच मिळाली.

आकार बघून ढगात किती थंडी आहे ते सांगता येतं. उणे २ च्या आसपास चपट्या षटकोनी चकत्या होतात. उणे ५ जवळ चक्क सुया आणि पोकळ खांब. बाहीवर पांढरे केस पडल्यागत दिसतात आणि लोकांना तो बर्फ “खराब” वाटतो. उणे १५ च्या अलीकडेपलीकडे, हवेत वाफ भरपूर असेल तर, कॅलेंडरवर असतात तसल्या फांद्यांच्या चांदण्या. आणखी खाली गेलं की पुन्हा चकत्या आणि खांब. थर्मामीटर तुमच्या बाल्कनीतला आहे आणि चांदणी ढगात घडलीय, त्यामुळे दोन्हींत काही अंशांचा फरक धरा.

हा तक्ता जपानमधल्या होक्काइदोत उकिचिरो नाकाया यांनी मांडला. प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक त्यांनी १९३६ मध्ये वाढवला, तो सशाच्या केसाच्या टोकावर. त्यांच्याही आधी अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ च्या जानेवारीत स्फटिकाचा फोटो काढला होता. तेव्हा तो विशीतही नव्हता. पुढे त्यानं असे पाच हजारांवर फोटो काढले. दोन चांदण्या एकसारख्या नसतात ही गोष्ट त्याच्यामुळेच घरोघर गेली. कारण सोपं आहे: प्रत्येक चांदणी ढगातून आपापल्या वाटेनं येते, वाटेत तापमान आणि ओल बदलत राहते, आणि तिच्या सहाही हातांना तीच हवा एकाच वेळी लागते. म्हणून सहा हात एकमेकांसारखे, पण शेजारणीचे निराळे.

कधी चांदण्यांऐवजी पांढरे, मऊ, गोल दाणे टपटपतात आणि बाल्कनीत उड्या मारतात. ती गार नव्हे. चांदणीवर इतके थेंब गोठलेत की मूळ नक्षी पार बुजून गेलीय. बोटांनी चिरडून बघा, लगेच भुगा होतो. गार चिरडत नाही.

कधी जायचं

काश्मीरला हिवाळ्यातला बर्फ देतात पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूनं, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारी ही कमी दाबाची क्षेत्रं. पीर पंजालच्या डोंगरांना अडून हवा वर चढते, गार होते आणि बर्फ टाकते. गुलमर्ग नेमकं त्याच रांगेच्या उतारावर, २,६५० मीटरवर आहे. म्हणजे बर्फ रोज थोडा थोडा पडत नाही. विक्षोभ आला की दोन-तीन दिवस झोडपतो आणि मग निळंशार आकाश. श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज निघण्याआधी चार दिवस रोज बघा.

काश्मिरी लोकांचा थंडीचा हिशेब पक्का असतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, सगळ्यात कडक. मग वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. बर्फच बघायचा असेल तर माझ्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. नाताळची गर्दी आणि नाताळचे भाव दोन्ही टाळा.

आणि कृपा करून श्रीनगरहून एका दिवसात जाऊन येऊ नका. अंतर पन्नास किलोमीटरच आहे, पण अकराला पोचायचं आणि चारला निघायचं, त्यात तुम्हाला मिळतो तो तुडवलेला, घोड्यांनी घाण केलेला बर्फ. गुलमर्गात तीन रात्री तरी काढा. श्रीनगरात एखादी रात्र कमी करा, दल सरोवर कुठं पळून जात नाही.

ढगाळ दिवशी श्रीनगरात पाऊस लागला तर तोंड पाडू नका. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे तिथं ४ अंशांवर पाऊस असेल तर गुलमर्गात उणे २-३ आणि भरपूर बर्फ. दुसरी गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते: बर्फ पडत असताना थंडी कमी असते. ढगांमुळे रात्रीची उष्णता निसटत नाही. खरी हाडं गोठवणारी रात्र म्हणजे बर्फ थांबून आभाळ मोकळं झाल्यावरची. सामान त्या रात्रीच्या हिशेबानं भरा.

कपडे

आपला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सुती बनियन. चालताना घाम येतो, बनियन तो पिऊन बसतं, आणि थांबलात की ते ओलं कापड पाठीवर गार पडतं. अंगालगत थर्मल किंवा पातळ लोकरीचं, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, वर वारा आणि ओल अडवणारं जॅकेट. हे तीन थर असले की झालं. एकावर एक पाच स्वेटर चढवून हात आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखे पुढे ताठ ठेवून फिरणारी माणसं मी बघितली आहेत. थरांमध्ये हवा राहिली तरच ऊब राहते, दाबून बसवली की गेली. पायमोज्यांचंही तेच. बुटात दोन जाड जोड कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात.

माकडटोपीची थट्टा करणाऱ्यांनी खुशाल करावी. कान, गाल, मान, हनुवटी एका फटक्यात झाकणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. पन्नाशीपुढच्यांनी तर लाजूच नये.

गमबूट आणि कोट वाटेवरच्या टंगमर्गला भाड्यानं मिळतात. तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटर आणि बर्फ पडल्यावर चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात. गमबूट घेताना उलटा करून तळ बघा, खाचा झिजलेला नको. एक नंबर मोठा घ्या आणि आत वर्तमानपत्राची चौपदरी घडी घाला, कारण रबराच्या तळातून गारवा थेट वर येतो. लांब झुबकेदार कोट फोटोत छान दिसतो, पण शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फात त्याचा घेर भिजून किलोभर जड होतो. तेवढ्याच पैशांत पाणी न शिरणारी पॅन्ट घ्या. थर्मामीटर उणे ८ च्या खाली असेल तर कोट चालेल, तो बर्फ नुसता झटकला की निघून जातो.

गॉगल नसेल तर जाऊच नका. ताजा बर्फ आलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के परत फेकतो. वर उंचीमुळे अतिनील किरणं दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. ढगाळ दिवशीही डोळे दिवसभर उघडे राहिले की रात्री त्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सोसवत नाही. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा. ऊन तिथं खालून येतं.

आकडा बघून खेळ

शून्य ते उणे ३ असेल तर मुलांना बाहेर सोडा. या बर्फाच्या कणांवर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, दाबला की कण एकमेकांना धरतात. बर्फाचा माणूस, गोळाफेक, किल्ला, सगळं याच दिवशी. दिवाळीत किल्ले केलेली आपली पोरं तिथं लगेच बुरूज उभारतात. हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, पहिला अर्ध्या तासात चिंब होतो.

उणे ८-१० च्या खाली गोळा वळतच नाही. मुठीतून रव्यासारखा सुटतो आणि मुलं हिरमुसतात. हा दिवस स्कीचा आणि काळ्या कापडाचा. अशा बर्फावर चालताना बुटाखाली करकर आवाज येतो. कण कोरडे असतात, घसरण्याऐवजी मोडतात आणि एकमेकांवर घासतात. ताज्या थरात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. आवाज त्या पोकळ्यांत जिरतो, म्हणून बर्फ पडून गेल्यावर बाजारातले हॉर्नसुद्धा लांबचे वाटतात. त्याच हवेमुळे बर्फाखालची जमीन फारशी गोठत नाही.

एक प्रयोग नक्की करा, नातवंडं असतील तर मजा येते. स्टीलचा उभा पेला ताज्या बर्फानं न दाबता काठोकाठ भरा आणि बुखारीजवळ ठेवा. किती पाणी होईल यावर पैज लावा. अर्धा पेला म्हणणारेच जास्त असतात. ढोबळ हिशेब असा की दहा सेंटिमीटर बर्फाचं एक सेंटिमीटर पाणी. कोरडा असेल तर त्याहूनही कमी, ओला असेल तर जास्त. आणि तो वितळायला वेळ किती लागतो तेही बघा. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. भर उन्हात बर्फ आठवडाभर टिकतो तो यामुळे, आणि उघड्या हातात घेतला की बोटं मिनिटात बधिर होतात तीही यामुळेच.

मुलं बर्फ खाणारच. मी वाईहून कोकम आगळाची आणि साखरेच्या घट्ट पाकाची बाटली नेते. बर्फ सुरू होऊन तासभर झाला की स्वच्छ पातेलं उघड्यावर ठेवायचं, म्हणजे सुरुवातीची धूळ-धूर टळतो आणि जमिनीचाही संबंध नाही. वाटीत घ्यायचा, आगळ-पाक ओतायचा, चमच्यानं खायचा. यात्रेतल्या गोळ्यापेक्षा मऊ लागतो आणि पटकन बसतो, म्हणून वाटी भरगच्च भरा. मात्र एक वाटीच. तो वितळवायची उष्णता आपल्याच पोटातून जाते. तहान भागवायला तर बर्फ अजिबात खाऊ नका, कोमट पाणी प्या. थंडीत तहान लागल्याचं कळत नाही आणि लघवीला जास्त होते.

पहिल्या बर्फाचं कौतुक तिथं जुनं आहे. नीलमत पुराणात नव्या हिमपाताचा उत्सव सांगितलाय: हिमालयाची पूजा, मेजवानी आणि पिणाऱ्यांना नवी मदिराही. आजही मोसमातला पहिला बर्फ पडला की काश्मिरी घरांत नवशीन, म्हणजे नवा बर्फ, म्हणून गोडधोड होतं. तुम्ही संक्रांतीच्या सुमारास असाल तर स्लेजवाल्यांना, हॉटेलातल्या मुलांना तिळगूळ द्या. तीळ-गूळ-शेंगदाण्याची वडी त्या थंडीत औषध आहे, आणि खिशात कडक झाली तरी खाता येते.

स्की शिकायची असेल तर शिक्षक घ्या आणि दोन दिवस द्या. गुलमर्गचं गोल्फचं मैदान हिवाळ्यात नवशिक्यांचा उतार होतं. पहिल्या दिवशी पडायला आणि उठायला शिका: कुशीवर पडायचं, हात मागे टेकायचे नाहीत. स्लेजचा भाव बसण्याआधी ठरवा, येऊन-जाऊन किती ते स्पष्ट विचारा, आणि चढावर उतरून चाला. एक माणूस तुम्हाला ओढतोय.

घसरणं, उंची, हिमस्खलन

लोक पडतात ते ताज्या बर्फात नाही. दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या वाटेवर, सकाळी नाश्त्याला जाताना आपटतात. पावलं छोटी टाका, अख्खा तळवा टेकवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि हात खिशातून बाहेर काढा. पत्र्याच्या उतरत्या छपराच्या कडेखाली थांबू नका. ऊन चढलं की वरचा थर धाडकन खाली येतो.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा अफरवाट शिखराच्या अंगाला सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. हॉटेलपेक्षा तिथं आठेक अंश थंडी जास्त, वारा वेगळाच, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही कमी. पोचल्या पोचल्या पळापळ केली की डोकं धरतं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर फोटो सोडा आणि खाली या. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल त्यांनी कोंगडोरीलाच थांबावं. तिथूनही दृश्य काही कमी नाही.

वरच्या टप्प्यावर हद्दीच्या दोरीपलीकडे एक पाऊलही नाही. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि बऱ्याचदा जोरदार बर्फ पडून गेल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे नेमकं आभाळ निळं होऊन सगळ्यांना वर जावंसं वाटतं तेव्हा. नव्या बर्फाचा थर जुन्या, कमकुवत थरावर बसलेला असतो. वरून माणसाचं वजन पडलं की अख्खी लादी सुटते. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटवर असंच होऊन पोलंडचे दोन स्कीपटू गेले. वाऱ्यामुळे किंवा धोक्यामुळे दुसरा टप्पा बंद असेल तर खिडकीवर हुज्जत घालू नका.

बोट, कान, नाकाचा शेंडा पांढरा, मेणासारखा आणि बधिर वाटला तर चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही. आत या, काखेत धरा, कोमट पाण्यात ठेवा. बुखारीसमोर धरू नका: बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. पाऊण तासात रंग-संवेदना परत आली नाही तर डॉक्टर. मुलगा किंवा आजोबा थरथरत होते आणि थरथर थांबली, बोलणं अडखळायला लागलं, तर ते बरे होत नाहीयेत, बिघडतायत. ओले कपडे उतरवा, कोरडं पांघरा, गोड गरम पाजा आणि दवाखाना गाठा.

खोलीत

बुखारी लावून खिडक्या-दारं गच्च बंद करून झोपू नका. कोळसा असो, लाकूड असो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपायच्या आधी ती विझवायला सांगा आणि झरोका उघडा ठेवा. कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) फेरनखाली, म्हणजे ढगळ काश्मिरी झग्याखाली, धरायचा हात काश्मिरी माणसाला लहानपणापासून असतो, आपल्याला नाही. ती घेऊन रजईत शिरायचं नाही. बर्फात अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा आणि एक काच बोटभर खाली ठेवा, कारण विष तेच आहे.

बाथरूममधला नळ रात्री बारीक धार सोडून ठेवलेला दिसेल. पाणी वाया जातंय म्हणून आपण पाणीटंचाईवाले लगेच बंद करतो. करू नका, पाइप गोठेल आणि सकाळी अंघोळ नाही. गमबुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओल शोषतात. मोबाइल आतल्या खिशात, अंगालगत; थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम मान टाकते. फोटो राखाडी येतात, कारण कॅमेऱ्याला एवढा पांढरा उजेड खरा वाटत नाही. पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा. चष्मेवाल्यांनी आत आल्यावर काच पुसत बसू नये, दोन मिनिटांत धुकं आपोआप जातं. आमचे हे अजून पुसतात.

बर्फच नसेल तर

असं होतं. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग तपकिरी, कोरडं पडलं होतं आणि लोक गोल्फच्या मैदानावर वाळक्या गवतात उभे राहून फोटो काढत होते. विक्षोभच आले नाहीत. महिनाअखेरीला बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत तिथंच खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा झाल्या. म्हणून तारखा ठरवताना एक-दोन दिवस मागेपुढे करता येतील असं हॉटेल बघा.

तेही जमलं नाही तर टंगमर्गजवळ द्रंगला जा. तिथला धबधबा कडाक्याच्या थंडीत गोठतो आणि कड्यावरून पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या दांड्या लोंबतात. त्यांना पाऊस-बर्फ लागत नाही, स्वच्छ गार रात्री लागतात, आणि बर्फ न पडणाऱ्या हिवाळ्यात त्या भरपूर असतात. भिंगातून दांडीच्या आत बघा: हवेचे लांबुळके बुडबुडे मधोमध अडकलेले दिसतील. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यातली हवा मधे ढकलली जाते आणि शेवटी कोंडते. सकाळी दहाच्या आत पोचा आणि दांड्यांच्या खाली उभं न राहता बाजूनं बघा. ऊन आलं की त्या तुटून पडतात.